गुरूची अक्का

अक्का गेल्याचं मला गुरूनं कळवलं. मी वकील, हुबळीच्या कोर्टात एका साक्षीदाराची वाट बघत व्हरांड्यात उभा होतो. फोन वाजला आणि पडद्यावर त्याचं नाव दिसलं. माझा हा भाचा आपणहून कुणाला फोन करत नाही. कानाला लावला. तो म्हणाला, "मामा, अक्का बोलेना झालीय..." आम्ही भावंडं विजयाला अक्का म्हणायचो, ते ऐकून ऐकून तिचा मुलगाही तिला अक्काच म्हणायला लागला होता. "बाबा कुठायत?" मी विचारलं. "तिच्याजवळ बसलेत. तेही बोलेनात." धारवाडला पोचलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. स्वयंपाकघरात बायका जमल्या होत्या आणि त्यातली एक, नात्यातलीच, दुसरीला सांगत होती, "त्या पोरानंच खाल्लं हो तिला." गुरू दाराच्या मागंच उभा होता. त्यानं ते ऐकलं. मीही ऐकलं. हे लिहायला बसलोय ते त्या एका वाक्यापायी. गुरूला विचारूनच लिहितोय, आणि छापायला द्यायच्या आधी त्याला सगळं वाचून दाखवलं आहे.

अक्का हायस्कूलमध्ये गणित शिकवायची. आवाज न चढवता सबंध वर्ग गप्प बसवणारी बाई म्हणून तिचं नाव होतं. अशा बाईचा मुलगा शाळेत बाक पालथे घालतो, पोरांना बोचकारतो, म्हणजे लोकांना बोलायला आयतंच सापडलं. पहिलीत असताना "खेळकर आहे", दुसरीत "हूड आहे", आणि चौथीपर्यंत "याला जरा हाताळायला हवं" असं शाळेतून सांगणं येऊ लागलं. भावोजींनी हाताळलं. पट्टा वापरला. ते दुष्ट नव्हते. सरकारी कचेरीत खाली मान घालून नोकरी केलेला, कुणाचा वाकडा शब्द कधी न ऐकलेला माणूस, त्याला पालकसभेत सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागायचं आणि घरी आल्यावर ते बाहेर पडायचं. एक वयस्क नातेवाईक कलघटगीजवळच्या कुठल्याशा देवऋषाकडून अंगारा घेऊन आले. अक्कानं तो परत केला नाही, लावलाही नाही, देव्हाऱ्यात ठेवून दिला. माझ्याशी बोलताना मात्र म्हणाली, "रवी, मी पोरं ओळखते रे. माझंच मला ओळखू येईना, असं कसं?"

सातवीत असताना गुरूनं वर्गात पाण्याची स्टीलची बाटली फेकली. एका मुलाच्या भुवईवर लागली, टाके पडले. शाळेनं दाखला हातात दिला. त्या मुलाच्या घरी माफी मागायला अक्का एकटी गेली, दारातच उभी राहून ऐकून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेत गेली, पण रदबदलीसाठी नाही. तिनं वर्गशिक्षिकेला एकच विचारलं, "बाटली फेकायच्या आधी वर्गात काय चाललं होतं?" बाईंना आठवेना. बाजूला उभी असलेली वर्गातली एक मुलगी म्हणाली, "रीडिंग. रांगेनं एकेकजण उभं राहून. त्याच्या पुढच्याचं संपत आलं होतं." अक्कानं मग आधीचे प्रकार आठवायला लावले. बाक पालथा घातला तो इंग्रजीच्या तासाला. शाई सांडली ती कन्नडच्या. खेळाच्या तासाला, चित्रकलेला, तोंडी हिशेबांत... काही नाही. तोंडी हिशेबांत तर तो पहिला यायचा.

घरी आम्ही मराठी बोलतो, गल्लीत कन्नड, शाळा इंग्रजी. तिन्ही भाषा त्याच्या जिभेवर होत्या. पाठ केलेलं तो इतकं झोकात म्हणायचा की पुस्तकाकडं बघतोय की नुसतं धरलंय, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी अक्कानं त्याच्यापुढं वर्तमानपत्र ठेवलं आणि बोट ठेवून म्हणाली, "एवढंच वाच." त्यानं पोह्यांची बशी भिंतीवर मारली. एरवी ती ओरडली असती. त्या दिवशी तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. नंतर मला सांगत होती, "घाम फुटला होता रे त्याला. कपाळावर, ओठावर... सगळं भिजलेलं. आजवर आम्ही ह्याला माज समजत होतो."

हुबळीत मुलांच्या मनाचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत. त्यांच्याकडं तिघांना घेऊन मीच गेलो. बऱ्याच फेऱ्या झाल्या, तऱ्हेतऱ्हेच्या चाचण्या झाल्या. शेवटी त्यांनी गुरूला बाहेर बसवून सांगितलं की मुलाची बुद्धी चांगली आहे, पण अक्षरं त्याला सुटी सुटी दिसतात, त्यांचा शब्द जुळत नाही. "मठ्ठ ठरण्यापेक्षा दांडगा ठरलेलं त्याला बरं वाटलं. दांडग्याला निदान पोरं घाबरतात. आणि आता वर्षानुवर्षं मार खाऊन, हिणवून घेऊन ते अंगात मुरलंय. वाचन आपण थोडंफार सुधारू. राग मात्र लगेच जाणार नाही, जाईल असं मी सांगतही नाही." भावोजी ऐकत होते. परतताना गाडीत म्हणाले, "वाचता येत नाही म्हणून कुणी दुसऱ्याचं डोकं फोडतं काय?" अक्का काचेबाहेर बघत होती. "नाही फोडत. पण आपल्याला कारण कळलं. आता तरी पट्टा खाली ठेवा." त्यांनी ठेवला. ते कबूल करायला हवं.

इथं गोष्ट सरळ झाली असती तर मलाही लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. कारण कळलं तेव्हा मुलगा तेरा-चौदाचा होता, मिसरूड फुटत होतं. नव्या शाळेत त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचली होती. संध्याकाळी अक्का त्याला शिकवायला बसायची, वाळूत बोटानं अक्षरं काढायची, ठळक अक्षरांतल्या लहान मुलांच्या पुस्तकांना कव्हर घालून द्यायची, म्हणजे बाहेरून कळू नये. काही दिवस चांगले जायचे. मग एखादा दिवस असा यायचा की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. दहावीच्या वर्षी तिनं त्याचा मोबाइल काढून घेतला, तेव्हा त्यानं तिला ढकललं आणि तिचं मनगट मोडलं. शाळेत तिनं न्हाणीघरात पाय घसरल्याचं सांगितलं. मला खरं सांगितलं, कारण प्लॅस्टर घालताना मी तिच्याबरोबर होतो.

मी तेव्हा स्पष्ट बोललो. अशा मुलांसाठी निवासी संस्था असतात, चांगल्या असतात, काही वर्षं ठेव, म्हणालो. मला आजही तो सल्ला चुकीचा वाटत नाही. अक्का मोडल्या मनगटाकडं बघत म्हणाली, "मला ढकलल्यावर तो काय करत होता, ठाऊक आहे? कपाटात शिरून बसला होता. एवढा थोरला पोरगा... गुडघे पोटाशी घेऊन. त्याला आत्ता बाहेर पाठवलं, तर त्याला काय कळेल, सांग? की लोक म्हणतात ते खरंय."

पहिल्यांदा तो दहावीच्या परीक्षेतून उठून आला. दुसऱ्या वर्षी त्याला लेखनिक मिळाला, म्हणजे तो सांगेल ते लिहिणारा दुसरा मुलगा. त्या सगळ्या वर्षात अक्कानं घराचं वेळापत्रक काट्यावर धरलं होतं. जेवण, फिरणं, अभ्यास, झोप. त्यात काही हललं की गुरू हलायचा. त्याच वर्षी तिच्या छातीत गाठ होती. तिला माहीत होती. तिनं कुणाला सांगितलं नाही, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तर त्याचं सगळं विस्कटेल म्हणून. गुरू पास झाला, पेढे वाटून झाले, मग ती डॉक्टरांकडं गेली. तपासून त्यांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" ती म्हणाली, "परीक्षा होती." डॉक्टरांना वाटलं, तिच्या शाळेतली.

उपचार चालले तेव्हा गुरूनं आम्हाला हैराण केलं. दवाखान्यात पाऊल टाकेना. तिचे केस गेले त्या आठवड्यात घर सोडून गेला, कलघटगीला एका मित्राच्या गॅरेजमध्ये सापडला. आणायला भावोजी गेले. त्यांनी हात उगारला नाही, नुसते त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिले, आणि शेवटच्या बसनं दोघं परत आले. अक्काची नि माझी अखेरची भेट त्यानंतरची. अंगात काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "गुरूला तुझी काही किंमत नाही गं." ती हसली. "पळून गेला म्हणून म्हणतोस? पुढच्याचं संपत आलंय रे... आता त्याची पाळी यायची आहे. भ्यालाय तो."

तेरावा झाल्यावर गुरू माझ्याजवळ येऊन बसला. "मामा, अक्का माझ्यामुळं गेली?" मी म्हणालो, "आजार कुणामुळं होत नसतो." तो म्हणाला, "आजार नाही. उशीर... उशीर माझ्यामुळं झाला ना?" मी कोर्टात खोटं बोलत नाही असं नाही, पण त्याच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. म्हणालो, "उशीर तिनं केला. तुझ्यासाठी केला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." मला वाटलं, आता काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. हल्ली तो धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात माल बांधायच्या कामावर जातो. सुपरवायझरशी एकदा वाजलंय. टिकेल की नाही, सांगता येत नाही.

गेल्या रविवारी धारवाडला गेलो तर घरात रंगाचं काम चाललं होतं. भावोजींनीच काढलं होतं. सगळं सामान मधोमध ओढलेलं, कोऱ्या रंगाचा वास. रंगारी मधल्या खोलीच्या भिंतीशी घासकागद घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर गुरू. त्या भिंतीला जागोजाग ठिगळं आहेत. गुरूनं कधी लाथ मारून, कधी काही फेकून गिलावा पाडायचा, आणि तो शांत झाला की अक्का वाटीत व्हाइट सिमेंट कालवून ते भरायची. तिच्याकडं थापी नव्हती. हातानंच भरायची. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक ठिगळावर तिच्या बोटांचे ओढलेले माग आहेत, शेजारी शेजारी. पाच वर्षांपूर्वी अशा वेळी गुरूनं रंगाचा डबा उपडा केला असता. तो हात पाठीमागं धरून उभा होता. म्हणाला, "हे एवढं सोडा." रंगाऱ्याला मराठी कळलं नसावं, त्यानं भावोजींकडं पाहिलं. भावोजी मुलाच्या शेजारी येऊन थांबले. भिंतीकडं बघत, रंगाऱ्याला कन्नडमध्ये म्हणाले, "बिड्री, अदु हंग इरली." राहू द्या, ते तसंच असू द्या.