बेडकाच्या पोटातलं पाणी

गाडीच्या मागच्या चाकांमधल्या गिअरच्या भांड्याचा खालचा बोल्ट सोडला, तेव्हा परातीत पडलं ते तेल नव्हतं. म्हशीच्या दुधाचा दाट चहा असावा तसं काहीतरी होतं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"भावजी, हे प्यायचं हाय का वतायचं?"

"ओतायचं," मी म्हणालो. "आत पाणी शिरलंय."

थोरला भाऊ बाजेवर पाय लांब करून बसला होता. मी त्याला दादा म्हणतो. त्याने परातीकडे एकदा पाहिलं आणि मान रस्त्याकडे वळवली.

ही गाडी म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल. तिला एटीव्ही म्हणतात. पुतण्याने ती पुण्याजवळच्या बंद पडलेल्या एका कृषी पर्यटन केंद्रातून जुनी उचलून आणली होती. रंग हिरवा, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे आणि चालायची चिखलात, म्हणून गावाने तिचं नाव बेडूक ठेवलं. पुतण्याने ती हौसेने आणली नव्हती. काही वर्षांपूर्वी ट्रॉली उलटून दादाचा खुबा मोडला. ऑपरेशनमध्ये आत गोळा बसवला, पण तो पाय दीड इंच आखूड राहिला. डांबरी रस्त्यावर तो काठी घेऊन चालतो. गाळात काठी खाली जाते आणि माणूस तिच्यामागे जातो. मोटारसायकलवर पाय टेकत नाही. बेडकावर मात्र नुसतं बसायचं असतं.

आणि दादाला गाळातच जायचं असतं. आमचं गाव जेऊर स्टेशनात उतरून पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या काठी. मूळची जमीन पाण्यात गेली. वरच्या अंगाला घर झालं, थोडं शेत झालं. पण उन्हाळा लागला की पाणी मागे हटतं आणि जुनी जमीन गाळाचं पांघरूण घेऊन वर येते. तिच्यात लोक मका, कडवळ, कलिंगड करतात. पावसाळ्यात पाणी चढेपर्यंत जे हाताला लागेल ते आपलं. याला गाळपेर म्हणतात. मी ती जमीन गाळाविना कधी पाहिलेली नाही. मला कळायला लागलं तेव्हा धरण भरलेलं होतं. दादाने मात्र तिच्यात औत धरलेलं आहे.

त्या आठवड्यात गाडी गाळात मधोमध बंद पडली. फोन घरी चार्जिंगला लावलेला. दादा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तिच्यावर बसून होता. शेवटी एका मेंढपाळाने हॉर्न ऐकला. "बेडूक चिखलात मेला व्हय?" असं विचारत तो आला, दादाला पाठुंगळी घेऊन काठावर आणलं आणि दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांना जमवून दोराने गाडी ओढून काढली. वहिनींनी तेवढा वेळ काठावर उभं राहून हाका मारल्या होत्या. वारा उलटा होता. एकही हाक दादापर्यंत पोचली नाही.

पुतण्याने फोनवरून निकाल लावला. गाडी विकायची. गिऱ्हाईकही त्याने शोधलं, ते रविवारी सकाळी येणार होतं. मला त्याने सांगितलं, "काका, तुम्ही फक्त चालू करून द्या. बंद गाडी कोण घेईल?"

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात माग सांभाळतो. यंत्र बंद का पडलं हे शोधणं हेच माझं काम, म्हणून घरातलं बंद पडलेलं सगळं माझ्याकडे येतं. शनिवारी सकाळच्या गाडीने मी आलो. विकण्यासाठी दुरुस्त करायचं, की वापरण्यासाठी, हे मी कोणाला विचारलं नाही. पाने दोन्हीला तेच लागतात, असं मनाशी म्हटलं. पण ते पुरतं खरं नव्हतं. विकण्यासाठी केली तर मागचं तेल तपासायची गरज नव्हती.

गाडी बंद पडली ती साध्या कारणाने. हवेच्या गाळणीच्या डब्यात पाणी गेलं होतं आणि स्पंज चिखलाने थबथबला होता. इंजिनाला श्वासच मिळत नव्हता. स्पंज रॉकेलमध्ये धुतला, मग साबणाच्या पाण्यात. पिळला नाही, तळव्यांत दाबून काढला. पिळला की तो फाटतो. सावलीत वाळत घातला. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पाणी काढलं, प्लग पुसला. इंजिनाचं तेल पट्टीवर बघितलं तर ते चांगलं होतं. एवढ्यावर गाडी चालू झाली असती. पण मी मागचा बोल्ट सोडला आणि चहा निघाला.

"दादा, हिला धुतोस कशी?"

"कशी म्हंजे? पाण्यात घालून."

"किती पाण्यात?"

त्याने बसल्या जागी मांडीवर हात ठेवून दाखवलं. "पायठेवणी बुडंपतूर. घासणीनं घासायची, पाणी मारायचं. बैलं कशी धुत हुतो? तशीच. एवढी सोच्च तुझी कंपनी तरी ठिवती का?"

"रोज?"

"कामावनं आल्यावर बैल न धुता बांधतोस व्हय तू?"

मी त्याला समजावून सांगितलं. काम करून मागचं भांडं तापतं. तापलं की आतली हवा फुगते. तसंच ते गार पाण्यात घातलं की हवा आक्रसते, आणि जिथे फट मिळेल तिथून पाणी आत ओढून घेते. भांड्याला श्वास घ्यायला बारीक रबरी नळी असते. ती सीटखाली उंच बांधलेली असायला हवी. या गाडीची नळी निसटून खाली लोंबत होती, म्हणजे गाडी रोज नाक पाण्यात घालूनच उभी राहत होती.

"बैलाच्या नाकात कदी पानी ग्येलं न्हाय."

"बैल मान वर करतो, दादा. ही करत नाही."

तो हसला नाही. वहिनी मात्र पदर तोंडाला लावून आत गेल्या.

चाकं उतरवली तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. उजव्या चाकामागे आसाला नायलॉनचा धागा गुंडाळला होता. फुगवट्यात मासेमारी चालते, तुटकी जाळी गाळात पडून राहतात. एखादं चाकात येतं, आसाबरोबर फिरत फिरत आत सरकतं आणि तेल अडवणाऱ्या रबरी सीलला कापतं. मी चाकूने धागा सोडवला. तो संपता संपेना. सील फाटलेलं होतं. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. हे तीन जुळले की सील कोणत्या गाडीचं आहे याला महत्त्व नसतं. जेऊरच्या ट्रॅक्टरच्या दुकानात तिन्ही आकडे जुळणारं सील मिळालं. मला फार बरं वाटलं. माणसांच्या बाबतीत इतकं सरळ काही जुळत नाही.

दुपारी मी भांड्यात नवं तेल घातलं, चाकं अधांतरी ठेवून फिरवली आणि ते तेलही सोडून दिलं. तेही ढवळं आलं. पुन्हा घातलं. तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. दादाला डुलकी लागली होती.

"भावजी, एवढं पुसताय कशाला? उद्या जानारच हाय ती."

"जाणार असली तरी आत पाणी शिरलं होतं हे सांगूनच द्यावी लागेल. नाहीतर साफ करून द्यावी."

"साफ करा, न्हायतर गंगेत न्हाऊ घाला. मला नको ती दारात." त्या खाली बसल्या. आवाज उतरला. "मी किती वरडले म्हायीत हाय? दिसत हुते की मला. एवढं एवढं दिसत हुतं ते. हात हलवत हुते. मी जाऊ कशी? मांडीयेवडा गाळ. आनि रोजच हाय हे. रोज विजार गुडघ्यापतूर भिजवून येत्यात. डाक्टरनं सांगितलंय गारठ्यात बसू नका म्हनून."

मी त्यांना खरं ते सांगितलं. गाडी आता चालेल. धागा परत अडकणार नाही असं नाही. पाणी परत शिरणार नाही याची हमी मी देत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. कडक जमिनीवर बादलीने धुतली आणि गाळातून आल्यावर चाकाचा मधला भाग तपासला, तर टिकेल.

"आनि त्ये टिकायला हवेत, त्यांचं काय?"

मी पाना उचलला आणि चाकाचे नट आवळत बसलो.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी दादा म्हणाला, "चल, फिरवून बघू. विकायची तरी बघून विकू." मी मागे बसलो. वहिनींनी दादाच्या खिशात फोन घातला आणि वरून गुंडी लावली.

उतारावरून आम्ही गाळात शिरलो. वर वाळलेली पपडी होती, खाली लोणी. डोळे मिटूनही वाट सापडेल असा दादा वळत होता. मला सगळीकडे सारखंच दिसत होतं. त्याच्या डोक्यात मात्र बांध होते. "हितं आपला कडुलिंब. हितनं वाट. ह्यो चुलत्याचा बांद, वलांडू नको म्हनायचा म्हातारा." मक्याच्या कोंभांपलीकडे पाणी लागलं आणि गाडी खडखडली. खाली दगड होता. दादाने गाडी पाण्यात जरा पुढे घेतली, मग थांबवली. पाणी चाकाचा तळ बुडेल एवढंच होतं.

"थारोळं," तो म्हणाला. "मोटंचं पानी हितं पडायचं. विहीर गाळानं भरली, पर ह्ये दगड न्हाय हलले. सगळ्या गाळात एवढीच जागा टनक. बैलं हितंच धुयाचो. आपलं आबा त्या फुडच्या टोकाला उभं ऱ्हायाचे, पेटती चूड घिऊन बिडी वडत."

तेव्हा मला कळलं की तो गाडी पाण्यात का घालत होता. अख्ख्या गाळात गाडी रुतू न देता उभी करता येईल अशी ही एकच जागा. आणि थारोळ्याचं पुढचं टोक अजून पाण्याखाली होतं. पाणी हटेल तसा तो रोज थोडा पुढे जात होता, पायठेवणी बुडेपर्यंत, त्या टोकाच्या शोधात. धुण्याचं नुसतं नाव होतं.

"किती दिवसांनी उघडं पडेल ते टोक?" मी विचारलं.

"पानी सोडतील तसं. उघडं पडलंच म्हंजे झालं." त्याने हँडलवरचा चिखल अंगठ्याने खरवडला. "पडायच्या आदी ही ग्येली, तर म्या चालत यावं का काय?"

मी खाली उतरलो, घरून आणलेली बादली काढली. दादाने गाडी उलट्या गिअरमध्ये मागे घेतली, पाण्याबाहेरच्या दगडावर. मागचं भांडं गार होईपर्यंत आम्ही बसलो. मग मी पाणी आणून देत गेलो आणि तो सीटवर बसूनच चाकांवर मारत गेला. बैलाला मारायचा तसंच, ओंजळ मागे घेऊन, जोरात. भांड्यावर मारू लागला तेव्हा मी म्हणालो, "तिथे नको." त्याने ओंजळ वळवली आणि उरलेलं माझ्यावर मारलं.

परत आलो तेव्हा गिऱ्हाईक अंगणात खुर्चीवर बसलं होतं. उमदा माणूस होता. गाडी सगळ्या बाजूंनी बघायला तो उठला. वहिनी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. दादा उतरत होता, काठी शोधत होता. त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. वाकून विजारीचा कोरडा काठ दोन बोटांत धरला, जसं दोरीवरचं कापड वाळलं का बघतात तसं.

मग गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "तुमी चा घ्या. लांबनं आलाय. गाडी घरच्या कामात हाय अजून."

"पण तुमचा मुलगा फोनवर..."

"त्यो पुन्यात असतो," वहिनी म्हणाल्या.

दादाने काठी आणखी थोडा वेळ शोधली. ती त्याच्या हातातच होती.

पुतण्या माझ्यावर रागावला. मी त्याला सांगितलं की मी फक्त चालू करून दिली, निर्णय आईचा. तो म्हणाला, "काका, तुम्ही सगळं मोजून सांगता आणि मधलंच गाळता." ते खरं आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी सुट्टी मिळाली तेव्हा गावी गेलो. दादा घरात नव्हता, पाटाच्या मीटिंगला गेला होता. गाडी लिंबाखाली उभी, धुतलेली, पुसलेली. मी बोल्ट जरा सैल केला. एक थेंब बोटावर घेतला. मधाच्या रंगाचा, नितळ. नळी सीटखाली जागच्या जागी होती.

पण नितळ तेल दोन कारणांनी मिळतं. एक म्हणजे गाडी नीट वापरली. दुसरं म्हणजे वापरलीच नाही. वहिनींनी भीतीने जाऊच दिलं नसेल, दादा नुसता लिंबाखाली तिला पुसत बसला असेल. असं झालं असेल तर माझं तेल फुकट गेलं होतं. वहिनींना विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. गुडघ्यावर बसलो आणि उजव्या चाकामागे, जिथे धुताना हात सहसा पोचत नाही, तिथे बोट आत घातलं.

दादाला मी तिथलंही काढायला सांगितलं होतं. त्याने काढलं नव्हतं. बोट बाहेर आलं ते काळ्या गाळाने भरलेलं होतं, आणि तो ओला होता.