विभक्तीबाईंची खोली

राजूरच्या विभक्तीबाईंवर अन्याय झाला आहे. गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, भर बाजारात. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या फुकट रशियन शिकवत. समितीने त्या खोलीला कुलूप लावलं. कारण काय, तर परकी भाषा गावाच्या काय कामाची? याच गावची पोरं डॉक्टरकीला रशियात आहेत, हे माहीत नाही असं समितीने माझ्या तोंडावर म्हणून दाखवावं.

बाई सुप्याच्या एका कारखान्यात दुभाषी होत्या. यंत्रं बसवून रशियन इंजिनिअर परतले, बाई राजूरला आल्या. माझी मैत्रीण शबाना रशियाला निघाली होती, तिच्या सोबतीला मीही वर्गात बसले. सहा विभक्त्यांचे तक्ते आम्ही घोकले होते. बाईंनी ते काढून घेतले. "शब्दांना शेपूट नंतर लावू. आधी सांगा, कोण कोणाचं काय करतंय?"

मग वर्ग निघाला बाजारात. किराणा दुकानासमोर म्हणायच्या, "मीठ आहे, तर मीठ मीठच. मीठ नाही म्हटलं, की रशियनमध्ये त्याचं रूप बदलतं. नसलेल्याचीही दखल घेतात बघा ती माणसं."

गाडीत जाण्याला एक विभक्ती, गाडीत असण्याला दुसरी, हे शबानाच्या डोक्यात शिरेना. बाईंनी तिला तालुक्याला, अकोल्याला जाणाऱ्या जीपमध्ये चारदा चढवलं, चारदा बसवलं.

"ओ बाई, ही पोरगी येतीय का न्हाई?" ड्रायव्हर वैतागला.

"येतीय आणि आलीय, यातला फरकच शिकवतेय."

"मग आलीय असं धरतो," म्हणत त्याने गाडी काढली. शबाना पुढच्या नाक्यावर उतरली आणि दोन्ही रूपं मोठ्याने म्हणत चालत परत आली. बाई रस्त्यात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

मी पाड्यावरच्या पाण्याबद्दल पहिलं पत्रक लिहिलं, 'घोर अन्याय होत आहे'. बाईंनी समासात लिहिलं, 'कोणी केला? कोणावर? कधीपासून?'

"बाई, हे मराठी आहे," मी फणकारले.

"म्हणून तर. मराठीत तरी लपू नकोस."

मी नावगाव घालून पुन्हा लिहिलं. आठवड्यात टँकर आला. पत्रक कसं लिहायचं हे मला कुठल्या शिबिरात नाही, रशियनच्या वर्गात कळलं.

शबाना तिकडून गेल्या आठवड्यात फोनवर सांगत होती, "वॉर्डातल्या म्हातारीला कुठं दुखतंय ते आज मी विचारलं, अन् तिनं मला सगळं सांगितलं. बाईंना सांग." सांगितलं. बाई दिवसभर हसत होत्या. ही कुलूप लागण्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट.

आता शिर्डीचा भाऊ त्यांना बोलावतोय, हॉटेलात परदेशी पाहुण्यांशी बोलायला. "भांडू नकोस गं माझ्यासाठी," म्हणतात. पुढच्या सोमवारपर्यंत खोली उघडली नाही तर त्या जातील, आणि यंदा निघणारी चार पोरं तक्ते घोकत बसतील.

रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या सभासदांची सभा आहे. तुम्ही सभासद आहात. या, आणि हात वर करून खोली उघडायला सांगा. मागे बसून नुसती मान डोलावू नका.