मिशनबाईंचा प्रश्न

मिशनबाई प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारायच्या, तोही सगळं उरकल्यावर, हातात चहाचा कप देऊन: “आमी नसतो तर काय केलं असतंस?”

बाळांनो, कायदा कडक केला तर गर्भपात कमी होतात का, धर्माचा त्यात किती हात, असं तुम्ही पत्रात विचारलंत. तुमच्याकडे त्यावर जाड पुस्तकं असतील. मला ठाऊक आहे ते उंब्रजजवळच्या एका सरकारी दवाखान्यातलं. तुमचे आजोबा तिथे डॉक्टर होते आणि मिशनबाई नर्स. त्या सांगलीकडच्या ख्रिस्ती, मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या, म्हणून हे नाव.

गर्भपाताला मुभा देणारा कायदा नुकताच आला होता. आमच्याकडून बायकांना साताऱ्याला पाठवत. मिशनबाई एस.टी.ने सोबत जायच्या, पण ऑपरेशनच्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. बाहेर बाकावर डोळे मिटून बसायच्या. मी एकदा विचारलंच, की मग जाता कशाला? म्हणाल्या, “रविवारी देवाला इचारते, त्यो न्हाई म्हणतो. सोमवारी बाई दारात उभी असती. तिला काय सांगू, तुमीच सांगा वैनी.”

त्यांच्या प्रश्नाला बहुतेक बायका ओढ्यापलीकडच्या म्हातारीचं नाव घ्यायच्या. ती काडी घालून पोट पाडायची. कायद्याआधीही तिचं दार कधी ओस नव्हतं. दोघी मात्र म्हणाल्या, “ठेवलं असतं, आनि काय!” मिशनबाईंना त्या दोघींचंच जास्त कौतुक. “ह्यांना इसरू नका. कायद्यानं वाढल्या असतील तर ह्या दोघी. बाकीच्या आधीबी व्हत्याच की, म्हातारीकडं.” धर्माचं विचारलं तर हसायच्या. “मराठ्याची येती, मुसलमानाची येती, आमच्या चर्चातली बी येती. ती फकस्त पदर जास्त वढून येती.”

दवाखान्यातले इंग्रजी कागद मी टाइप करून द्यायची. साताऱ्याला पाठवायच्या अर्जाचा नमुना मीच बनवला होता. सुबक, समास सोडून. खाली दोन रेघा: बाईची सही आणि पतीची सही. आपल्याकडे कुठल्याही कागदावर नवऱ्याचं नाव असतंच, म्हणून मी ती दुसरी रेघ सहज ओढली होती.

एक दिवस चार लेकरांची आई आली. नवरा फौजेत, सीमेवर. तिसरा महिना सरत आला होता, त्यापुढे धोका वाढतो. कारकुनाने अर्ज पुढे केला आणि नवऱ्याची सही मागितली. “आवं, पत्र जाऊन यायला म्हैना लागंल,” एवढं म्हणून ती निघून गेली.

दुपारी मिशनबाई सरकारी परिपत्रक घेऊन आमच्या घरी आल्या. “वैनी, तुमी इंग्रजी शिकल्याल्या. नवऱ्याची सही कुटं लिवलीया, तेवढं दावा.” मी वाचलं. पुन्हा वाचलं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, असं स्पष्ट होतं. नवरा कुठेच नव्हता. “ती रेघ माझी आहे,” मी म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. चपला पायात सरकवून तडक तिच्या वस्तीवर गेल्या.

ती सकाळीच, दवाखान्याच्या दारातून परस्पर, म्हातारीकडे गेली होती. मिशनबाईंनी तिला उसाच्या ट्रॅक्टरवर घालून आणलं. पुढे साताऱ्यात पंधरा दिवस अंगात ताप. वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. परतल्यावर मिशनबाईंनी तिला चहा दिला आणि काही न विचारता शेजारी बसून राहिल्या. मला म्हणाल्या, “हिला काय इचारू? ही आली व्हती की आपल्याकडं.”

त्या रात्री मी सगळे नमुने फाडून नवे टाइप केले, एका रेघेचे. काही महिन्यांनी मिशनबाईंची बदली जतकडे झाली. पुन्हा भेट झाली नाही.

त्या जतला गेल्या आणि आठवड्याभरात त्या बाईचा फौजी नवरा रजेवर आला. आमच्या दारात ताठ उभा राहिला. तुमचे आजोबा बाहेर गेले होते. मी पाणी दिलं, ते त्याने तसंच हातात धरलं. आवाज चढवला नाही.

“बाईसाहेब, मला एवढंच कळंना,” तो म्हणाला. “तरास तिला, जीव तिचा. माझी सही कशाला पायजे व्हती?”