जमीन संपते त्या टोकावर

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. दिवाळी झाली आणि माझी नणंद एक दिवस म्हणाली, "वहिनी, मला समुद्र बघायचाय. पण ते टोकच. दुसरीकडं कुठं न्हाय."

ते टोक कुठलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे यजमान शिरोली एमआयडीसीतला माल टेम्पोनं रत्नागिरीकडं न्यायचे. एकदा ते तिथं जाऊन आले आणि मग जेवायला बसले की त्याचंच बोलायचे. एस.टी. पोचत नाही, टपरी नाही, झाड नाही. कातळावरून चालत राहायचं आणि एकदम जमीनच संपते. "तुला दाखवतो की," म्हणायचे. पण त्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. ती माहेरी आमच्याकडं आली. तेव्हापासून तिला लग्नाला बोलवायला नको, बारशाला न्यायला नको, असं सगळं सुरू झालं.

मामंजींनी ऐकलं आणि ताट सरकवलं. "वरीस सरलं न्हाय, आणि सहली सुचतात? लोक काय म्हणतील?"

माझ्या नवऱ्यानं मधला मार्ग काढला. "सगळेच गणपतीपुळ्याला जाऊया. देवदर्शनबी हुईल."

"देवाकडं मला काय मागायचं न्हाय," नणंद म्हणाली.

त्या टोकावरच जायचं, पण चोरून काही करायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मामंजी पेपर वाचत बसायचे, त्यांच्यासमोर बाहेरच्या सोप्यातच आमचं बोलणं चालायचं. पहाटे निघायचं, मलकापुरात चहा घ्यायचा, उन्हाच्या आत आंबा घाट उतरायचा. पाणी घरचंच न्यायचं. कातळावर चपला टिकणार नाहीत, म्हणून नणंदेनं महाद्वार रोडवर कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदारानं विचारलं, "पोरीला व्हय?"

"मला," ती म्हणाली. तिथंच पायात घातले आणि नऊवारीवर तशीच गल्लीतून घरी आली. दारात उभ्या असलेल्या बायका बघत राहिल्या. ती मुद्दाम सावकाश चालली.

गल्लीतल्या एकाची जीप होती. मलकापूरच्या रस्त्यावर तो वडाप करायचा, सीटवर माणसं भरून न्यायचा. त्याला सांगून ठेवलं होतं. ठरल्या पहाटे तो आला तो जीप न घेता, चालत.

"वहिनी, काका नको म्हणाल्यात," जमिनीकडं बघत तो म्हणाला. मामंजी खुर्चीत बसून होते. त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात सासूबाई आतून बाहेर आल्या. ठेवणीतलं इरकल नेसलेल्या, काखेत भाकरीचं गाठोडं. नवऱ्याचा शब्द त्यांनी खाली पडू दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"जीप काढ."

"काकी, पण काका..."

"तुझ्या काकांस्नी घरात ऱ्हायचंय, ऱ्हाऊ देत. मी बी येतो ह्यांच्यासंगं. लेक माझी हाय."

मामंजी उठले. "तुला कुणी शिकवलं हे?"

"शिकवाय लागतंय व्हय?" म्हणत त्या पायरी उतरल्यासुद्धा.

जीप आली.

टोकावर वारा पदर अंगावर ठरू देईना. गुडघे दुखले म्हणून सासूबाई मध्येच बसल्या. नणंद थांबली नाही. अगदी कडेला गेली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खाली लाटा खडकावर आपटत होत्या. किती तरी वेळानं ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत.

"वहिनी, खरं सांगत हुते की ओ ते!"

सासूबाईंनी मला हाक मारली. "हात दे गं. मी बी येतो तितवर." माझ्या खांद्याचा आधार घेत त्या आल्या. वाऱ्याकडं पाठ करून आम्ही तिघींनी तिथंच भाकरी-ठेचा खाल्ला. दातांत धूळ करकरली.

मामंजी पुढं बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. सासूबाईंनी त्यांना वेळेवर वाढलं, समजूत मात्र घातली नाही. उन्हाळ्यानंतर नणंदेनं कोडोलीच्या एका बालवाडीत नोकरी धरली. घरात तिनं विचारलं नाही, नुसतं सांगितलं.