कमलांग मास्तरांचा अर्धा वर्ग

आमच्या मास्तरांनी आम्हांला एकाही इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ कधी सांगितला नाही. कल्याणच्या शाळेत मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकलो, पुढे मुंबईस कॉलेजात गेलो, बी.ए. झालो. भाताच्या बाजारात पायलीने भात मापून देणाऱ्या मापाऱ्याचा मुलगा बी.ए. झाला, ही गोष्ट मी कुठेही छाती पुढे काढून सांगतो, तशी इथेही सांगतो. पण तुला इंग्रजी आलं कसं, असं कोणी विचारलं की माझी छाती जरा आत जाते. कारण ते कसं आलं हे मलाही नीटसं उलगडलेलं नाही. त्या माणसाने ते आमच्या अंगात घातलं, एवढंच कळतं.

ते ठाण्याचे ख्रिस्ती. सकाळच्या आगगाडीने कल्याणला यायचे, स्टेशनातून शाळेकडे तरातरा चालायचे आणि वाटेत जी पोरं रेंगाळताना दिसतील त्यांना "कम अलाँग, कम अलाँग!" करत मेंढरांसारखी पुढे घालून आणायचे. त्यावरून सारं गाव त्यांना कमलांग मास्तर म्हणे. माझी आई ते त्यांचं आडनावच समजे. "कमलांग म्हणजे कुठले रे हे? गोव्याकडचे का?" असं तिने मला एकदा विचारलं होतं.

शाळेतलं बाकीचं इंग्रजी आम्हांला पुस्तकात दिसे. तिथे मोठमोठे शब्द असत, आणि ते पाठ करता येत. मास्तरांना त्या शब्दांचं काही वाटत नसे. त्यांचा जीव गुंतलेला असे अप, ऑफ, आउट, इन, आफ्टर, विथ असल्या चिमुकल्या शब्दांत. म्हणायचे, "इंग्रजाचे मोठे शब्द कोशात सापडतात. बारके शब्द त्याच्या तोंडात सापडतात. आणि साहेब घरात बोलतो ते सगळं बारक्यांच्या जोरावर." लुक म्हणजे पाहणे, हे आम्ही घोकलं होतं. पण लुक आफ्टर केलं की सांभाळणं होतं, लुक फॉर केलं की शोधणं होतं, लुक इनटू केलं की चौकशी होते, आणि लुक डाउन ऑन केलं की माणसाचा अपमान होतो. शेपटीला एवढासा शब्द लागला की आख्खा बैल दुसऱ्याच रस्त्याला लागतो, हे पाहून मी थक्क होत असे. अजूनही होतो.

हे शिकवायची त्यांची तऱ्हा अशी. विहिरीवरचा पोहऱ्याचा दोर वर्गात आणायचे. दोन पोरांना दोन टोकं धरून ओढायला लावायचे. एकाने दमून दोर सोडला, की मास्तर टाळी वाजवून म्हणत, "ही हॅज गिव्हन अप!" मग एकाच्या खिशातली चिंच दुसऱ्याला मागायला लावायचे. दे ना, दे ना रे, एवढीशी दे ना, असं टुमणं लावून लावून त्याने शेवटी ती मिळवली, की म्हणायचे, "ही हॅज गिव्हन इन!" मराठीचा एक शब्द नाही. गिव्ह अप आणि गिव्ह इन यांतला फरक मला पुढे कॉलेजात इंग्रज प्रोफेसरांनीही एवढा स्वच्छ दाखवला नाही. 'पुट अप विथ' शिकवताना त्यांनी गोविंदाला माझ्या शेजारी बसवलं. त्याने तासभर मला कोपराने ढोसायचं आणि मी चकार शब्द काढायचा नाही. गोविंदा माझा जिवलग मित्र, त्याने कामात कसूर केली नाही. तो शब्द माझ्या बरगड्यांना पाठ आहे.

थंडीत कधी ते आम्हांला खाडीवर नेत. पाण्यावर धुकं असे. त्या धुक्यात पलीकडून एखादं गलबत येत असे, आधी नुसता डाग, मग शीड, मग शिडाजवळचा माणूस. मास्तर दबक्या आवाजात विचारत, "कॅन यू मेक इट आउट?" आम्ही डोळे ताणून बघत राहायचो. ज्याला आधी दिसे तो ओरडे, "आय कॅन मेक इट आउट, सर!" देवळात देव दिसल्यासारखा आमचा आवाज होई.

शाळेबाहेर मात्र ते आमच्याशी मराठीत बोलत, आणि मराठीही अशी की वाटावं, हा माणूस उभा जन्म भातशेतीत राबला असेल. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनापर्यंत सोबत करी. एकदा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, हे बारके शब्द फार घोळ घालतात. आपल्यात असलं काही नाही."

ते रस्त्यातच थांबले. "नाय? तुझी आई तुला कधी म्हणाली नाही, खाऊन घे?"

"म्हणते ना."

"खाऊन टाक?"

"ते नावडती भाजी असली की."

"खाऊन बघ?"

"ते नवीन काही केलं की."

"आणि तुझा बाप? बाजारात कोणी त्याच्या वाटचं खाल्लं तर काय म्हणतो?"

"खाऊन बसला!"

"हे तुला कोणी शिकवलं रे? कुठल्या पंतोजीने? तसंच मला ते कोणी शिकवलं नाही." मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई ठाण्याला एका साहेबाच्या बंगल्यात आया होती. साहेबाची पोर आणि हे एकाच अंगणात वाढले. गेट अप, कम डाउन, ईट इट अप, रन अलाँग, हे सगळं मेमसाहेब त्या पोरीला सांगे आणि ते यांच्या कानात पडे. "माझी गुरू माझ्याहून लहान होती, आणि दात पडलेली होती," म्हणाले आणि खो खो हसले. शाळा त्यांना थोडीच घडली. व्याकरण असं ते कधी शिकलेच नव्हते.

हे आमच्या हेडमास्तरांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते खुपत होतं. हेडमास्तर पुण्याकडचे, लाल पगडीचे, कडक शिस्तीचे. व्याकरणाच्या पुस्तकातलं कुठलं सूत्र कुठे आहे हे न उघडता सांगत. दोर, चिंच, ढोसाढोशी हे सगळं त्यांना वरच्या इंग्रजी वर्गाला शोभणारं वाटत नव्हतं. शाळा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबांची परीक्षा जवळ आली तेव्हा त्यांनी आमच्यादेखतच मास्तरांना सांगितलं, "मास्तर, मुलांची मॅट्रिक याच वर्गावर अवलंबून आहे. साहेबांनी ठपका ठेवला तर हा वर्ग मी तुमच्याकडून काढून घेईन. मग तुम्ही आहात आणि खालची पोरं आहेत."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनातून येताना त्यांनी कोणालाही कम अलाँग म्हटलं नाही. तो वर्ग म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. आम्ही पोरांनी शपथ घेतली की साहेबांपुढे मास्तरांची मान खाली जाऊ द्यायची नाही.

साहेब आले. उंच, उन्हाने लाल झालेले, हातात चांदीच्या मुठीची काठी. काठी मेजावर ठेवून त्यांनी मला आणि गोविंदाला उभं केलं आणि विचारलं, 'टू गिव्ह अप' याचा अर्थ काय?

अर्थ! अर्थ आम्हांला कोणी सांगितला होता? पण आम्हांला येत होतं. गोविंदाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोर विहिरीवर होता. पुढच्या क्षणी आम्ही दोघांनी साहेबांची काठी उचलली आणि दोन टोकांनी ओढू लागलो. हेडमास्तर "अरे! अरे गाढवांनो!" म्हणत पुढे धावले. एवढ्यात वर्गातल्या खेळाप्रमाणे गोविंदाने काठी सोडली, आणि मी काठीसकट उताणा पडलो. पडल्या पडल्याच ओरडलो, "ही हॅज गिव्हन अप, सर!"

साहेब क्षणभर बघत राहिले, आणि मग इतके हसले की त्यांना खुर्ची घ्यावी लागली. मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आमच्याशी घरातल्यासारखं, भरभर बोलू लागले. खाडीत गलबतं कधी येतात? "दे कम अप विथ द टाइड, सर, अँड गो डाउन विथ इट." पोरं एकामागून एक बोलत होती, साहेब मान डोलवत होते. खिडकीपाशी उभ्या मास्तरांचा चेहरा मी पाहिला. तो उजळला होता.

मग साहेबांनी लेखी प्रश्न दिले. वाक्यांचं पृथक्करण, शब्दांच्या जाती, अर्थ. आमच्या पाट्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या. साहेबांनी त्या पाहिल्या आणि गंभीर झाले. म्हणाले, या मुलांइतकं जिवंत इंग्रजी मी या जिल्ह्यात ऐकलं नाही. पण मॅट्रिकची परीक्षा कागदावर होते, आणि कागदावर ही सगळी मुलं नापास आहेत.

हेडमास्तरांना बोलायची गरजच नव्हती. वर्ग गेला, हे आम्हांला कळलं. तेवढ्यात मास्तर खिडकीपासून पुढे आले. इंग्रजीतच बोलले, सावकाश. म्हणाले, "सर, लिहिण्याचं मला येत नाही, म्हणून मुलांना येत नाही. ते या सद्गृहस्थांना येतं. अर्धा वर्ग त्यांनी घ्यावा. बोलण्याचा अर्धा माझ्याकडे ठेवता आला तर ठेवा. नाही तर सगळाच त्यांनी घ्यावा. मुलं पास झाली पाहिजेत."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी पगडी सारखी केली, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी सकाळचा तास घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर फळ्याशी उभे राहिले, तर शेवटच्या बाकावर आमच्यामागे कमलांग मास्तर पाटी घेऊन बसलेले! हेडमास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"मास्तर, आपण इथे?"

"शिकायला आलोय, सर. मुलं शिकणार ते मला नको का यायला?"

वर्षभर ते बसले. हेडमास्तर पहिल्याने त्यांची नजर चुकवत. मग हळूहळू त्यांनाही प्रश्न घालू लागले. "मास्तर, या वाक्यात 'ऑफ'ची जात कोणती?" मास्तर आमच्यासारखे उभे राहत, विचार करत, आणि येत नसलं तर सरळ म्हणत, "ठाऊक नाही, सर." पन्नाशीचा माणूस, आपल्या विद्यार्थ्यांसमोर. त्या आवाजात लाज म्हणून नसायची. मी पुढे पुष्कळ विद्वान पाहिले, पण "ठाऊक नाही" हे शब्द इतक्या ताठ मानेने उच्चारणारा दुसरा पाहिला नाही. आणि दुपारच्या तासाला, मास्तर आमच्याशी बोलत असले की, हेडमास्तर ओसरीवर उभे असत. आत कधी आले नाहीत. जातही नसत.

मॅट्रिकला आम्ही बहुतेक सगळे पास झालो. मी मुंबईस गेलो. बी.ए. झाल्यावर पेढे घेऊन ठाण्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते खाटेवर होते, फार वाळले होते. त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक मारून गोळा केलं आणि मला दाखवून म्हणाले, "हा माझा विद्यार्थी. बी.ए.!" मग थोडं थांबून, दम घेऊन, "नाय, खरं सांगायचं तर अर्धा माझा. अर्धा हेडमास्तरांचा."

त्याच वर्षी ते गेले. दफनाला मी आणि गोविंदा गेलो होतो. पाहतो तर चर्चच्या आवारात हेडमास्तर, कल्याणहून एकटे आलेले. घरी जाऊन त्यांनी स्नान केलं असेल, ते करणारच. पण आले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "माझ्या तासाला तुम्ही इंग्रजी लिहायचात रे. त्याच्या तासाला तुम्ही इंग्रजीत हसायचात."

पेटी खाली सोडायला घेतली तेव्हा सगळ्या ख्रिस्ती मंडळींनी टोप्या काढल्या. हेडमास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. आपल्याकडे उघडं डोकं मानाचं नव्हे. त्यांनी पगडी तशीच राहू दिली, वाकले, आणि आपले पुणेरी जोडे काढून बाजूला ठेवले. भर दुपारची वेळ होती, माती तापलेली होती. त्या उघड्या डोक्यांच्या माणसांत ते लाल पगडी घातलेले, अनवाणी, शेवटची मूठ पडेपर्यंत उभे राहिले.