पान अकरावरचा ठिपका

मेंटेनन्समध्ये मशीन बंद पडलं की रजिस्टरमध्ये दोनच गोष्टी लिहायच्या असतात. काय बिघडलं आणि काय केलं. कुणामुळे बिघडलं आणि तेव्हा कोण काय बोललं, याला रकानाच नाही! त्यामुळे तो सगळा माल डब्याच्या वेळेला साचत जातो. वाळूजच्या आमच्या कारखान्यात मी बारा वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, म्हणजे माझ्याकडे भरपूर साचलाय. त्यातले बरेचसे किस्से कचरूमामांचे.

कचरूमामा आमचे सगळ्यात जुने वायरमन, वैजापूरकडचे. कुठल्या पॅनेलात कुठली वायर कुठे जाते, सगळं तोंडपाठ. वायरिंगचं ड्रॉइंग मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. ते पॅनेलच्या दारामागच्या खिशात असायचं आणि मामा ते जेवताना खाली अंथरायला काढायचे.

*

एकदा बाहेरून एक साहेब ऑडिटला आले. मामांचं पॅनेल उघडलं तर वायरींच्या टोकांना नंबरच नाहीत. त्याऐवजी लाल, गुलाबी, जांभळे पट्टे. साहेबांनी जवळ जाऊन बघितलं. नेलपॉलिश!

"ये कौन सा स्टँडर्ड है?" साहेब ओरडले.

"लडकी का है, साब," मामा शांतपणे म्हणाले. "अब शादी हो गई उसकी. आगे से नंबरच लगाते."

*

मग एक दिवस नोटीस लागली. ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, तो मेंटेनन्समध्ये राहणार नाही. दोन महिन्यांनी पुण्याचे ट्रेनर येऊन परीक्षा घेणार. नापास झालेल्याची बदली स्टोअरला.

त्या दिवशी मामा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. डबा उघडलाच नाही.

"ताई, रिटायर व्हायला चार वर्षं राहिली. आता काय स्टोअरात बसून नटबोल्ट वाटू? मला शिकवा."

मला फार वाईट वाटलं. नेलपॉलिशवर सगळ्यात जास्त मीच हसले होते.

*

पहिल्याच दिवशी भांडण झालं.

"ताई, हे ड्रॉइंग चूक हाय. मशीन चालू हाय आन् ह्यात कॉन्टॅक्ट उघडा दाखवलाय."

मी समजावलं, "मामा, ड्रॉइंग नेहमी मशीन बंद असल्यासारखं काढतात. सप्लाय नाही, सगळं झोपलंय, असं धरून."

मामांनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"म्हंजी झोपलेल्या माणसाचा फोटो दावायचा आन् इचारायचं, ह्यो जागेपणी भांडतो का?"

डिप्लोमाला माझी दोन वर्षं यातच गेली होती, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

*

आता माझाही एक सांगते, नाहीतर मामा म्हणतील ताई स्वतःचे लपवते.

मामांना शिकवता शिकवता पत्रा दाबायच्या एका प्रेसमध्ये फॉल्ट आला. मी ऐटीत ड्रॉइंग काढलं आणि मामांना म्हटलं, आता बघा, पद्धतशीर कसं शोधतात. दोन तास एक रिले शोधला. सापडेना! ड्रॉइंगमध्ये आहे, पॅनेलात नाही. मी मशीन बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालायला लागले.

मामा मागून हळूच म्हणाले, "ताई, तुम्हीच शिकवलं ना, आधी कोपऱ्यातला मशीन नंबर वाचायचा?"

ड्रॉइंग शेजारच्या प्रेसचं होतं.

*

तीन नंबरच्या प्रेसची तऱ्हा वेगळीच. तिथे थंड करायचा पंखा चालू केला की तेल कमी असल्याचा पिवळा दिवा लागायचा. टाकीत तेल काठोकाठ असलं तरी!

मागे उंदरांनी तिथल्या वायरी कुरतडल्या होत्या, तेव्हा ठेकेदाराने ड्रॉइंग बघून सगळं वायरिंग नव्याने केलं. दिव्याचं दुखणं तेव्हापासूनचं. मूळ ड्रॉइंग त्याआधीच फाटून गेलेलं, हाती होती ती क्रांती चौकातून काढून आणलेली त्याची झेरॉक्स. मी स्वतः ती तपासली. ड्रॉइंगमध्ये दोन रेषा नुसत्या एकमेकींना ओलांडून गेल्या तर त्यांचा संबंध नसतो. पण तिथे काळा ठिपका असेल तर तो जॉइंट. पान अकरावर पंख्याची आणि दिव्याची रेषा जिथे एकमेकींना ओलांडत होत्या, तिथे ठसठशीत ठिपका होता.

ड्रॉइंगमध्येच आहे म्हटल्यावर बोलणार कोण? बनवणाऱ्याने काहीतरी विचार करूनच दिलं असेल. आम्ही दिव्याखाली चिठ्ठी चिकटवली : 'पंखा चालू असताना या दिव्याकडे लक्ष देऊ नये.'

पुढे एकदा तेल खरोखरच संपलं. चिठ्ठीप्रमाणे कुणीही लक्ष दिलं नाही. प्रेस चार दिवस बंद!

*

परीक्षेचा दिवस. ट्रेनर साहेबांनी मामांसाठी नेमकी तीन नंबरची प्रेस निवडली. पान अकरा समोर धरलं. "पंखा चालू केला की काय काय होईल, सांगा."

मामांनी चष्मा लावला. रेषेवरून बोट फिरवायला लागले. "इथून सप्लाय येईल. ह्यो रिले ओढंल. पंखा फिरंल..."

बोट ठिपक्यावर थांबलं. मला वाटलं, गेले मामा स्टोअरला.

"साहेब," मामा म्हणाले, "हितली वायर काढाय लागती."

"ड्रॉइंगमध्ये जॉइंट आहे आणि तुम्ही वायर काढणार?"

"काढून तर बघू."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सप्लाय बंद केला. मामांनी वायर काढून टोकाला टेप गुंडाळली. सप्लाय दिला, पंखा चालू केला. पंखा फिरला. पिवळा दिवा लागला नाही!

साहेबांनी पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "इथे जॉइंट स्पष्ट दिसतोय. तो चूक आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मामांनी मान खाली घातली.

"जॉइंट नाय त्यो, साहेब. ठेच्याचं तेल हाय. मूळ पान नवं व्हतं तवा जेवताना माझ्याच हातून सांडलं, झेरॉक्समदी काळं उठलं. शेजारी ह्यो अंगठा बी माझाच, पुसताना उठलेला."

साहेबांनी त्या ठशावर बोट टेकवलं.

"अहो, मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"तेल सांडलं ते तवाच ठावं व्हतं, साहेब. पर काळा ठिपका म्हंजी जॉइंट, हे ताईनं मला मागल्या म्हैन्यात शिकवलं."