सासूबाईंचं बोलायचं काम

आमच्या सासूबाई बायकांच्या दवाखान्यात आया आहेत, तिथल्या सगळ्यांच्या मावशी. चादरी बदलणं, भांडी उकळणं वगैरे त्या करतातच, पण त्यांचं खरं काम बोलायचं. तिथे गर्भपात करताना बाईला झोपवत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाशी सुन्न करायचं इंजेक्शन देतात, मग बारीक नळीने आतलं ओढून घेतात. काम थोडक्या वेळाचं, पण पाळीत येते तशी कळ येते, आणि बाई छताकडे बघत पडली की ती दुप्पट वाटते, असं सासूबाईंचं ठाम मत. म्हणून त्या तिचा हात धरतात आणि तोंडाचा पट्टा सोडतात.

विषय ठरलेला. त्यांची सून, म्हणजे मी. मी भांडी कशी आदळते, ओला टॉवेल गादीवर कसा टाकते, भात लावून कशी विसरते. न पाहिलेल्या कितीतरी बायकांत माझी कीर्ती पसरली आहे. वर संध्याकाळी घरी येऊन मलाच सांगतात की आज एक बाई तुझ्यावर इतकी हसली, डॉक्टरीणबाईंना हात थांबवावा लागला. माझा नुसता जळफळाट होतो.

मात्र बाईबद्दल अवाक्षर नाही. तीच बाई दुसऱ्या दिवशी बाजारात समोर आली, तर सासूबाई कोबी निरखत बसतात. ओळख दाखवायची की नाही हे तिने ठरवायचं.

आमची मुलगी चालायला लागली आणि मला पुन्हा दिवस गेले. नवऱ्याचं आणि माझं एकीवरच थांबायचं ठरलेलं होतं, त्यामुळे आमच्यात वाद नव्हता. भीती होती ती सासूबाईंची. त्यांना दुसरं नातवंड हवं होतं आणि उठता-बसता त्या ते मागत होत्या. गोळ्या घ्याव्यात, तर चार दिवस घरातच रक्तस्राव होणार आणि त्यांच्या नजरेतून तो सुटणं अशक्य. दुसरा दवाखाना शोधावा, तर बाकी सगळ्यांची त्यांनीच इतकी नालस्ती करून ठेवलेली की पाऊल उचलेना. शेवटी त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्या सुट्टीच्या दिवसाची वेळ घेतली. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. त्या सकाळी माझ्या आधीच बाहेर पडल्या होत्या. मला वाटलं, बहिणीकडे गेल्या असतील.

मी टेबलावर पाय वर घेऊन पडले होते. दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. सुट्टी बदलून घेतली होती म्हणे!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांची पापणीही हलली नाही. नेहमीसारखं स्टूल ओढलं, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "घाबरलात का बाई?"

मी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. कळ आली तशी सासूबाईंनी सुरुवात केली.

"माझी एक सून आहे. कामाला वाघ, पण तोंडाला कुलूप. मनात काय चाललंय, पत्ता लागू देत नाही. मी काय तिला खाणार आहे?"

मला राहवलं नाही. "तुम्ही रोज दुसरं नातवंड मागत असाल."

"मागते की. मागायला काय जातं? द्यायचं की नाही ते तिने ठरवावं. पोट तिचं आहे."

मला एकदम रडू आलं आणि हसूही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलू नका, झालंच. आणि खरंच झालं होतं. मावशींची गोष्ट आज फारच छोटी होती, असंही त्या म्हणाल्या.

मग पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, चहा-बिस्किटं दिली, रक्त किती जातंय ते दोनदा पाहिलं. निघताना बजावलं की ताप आला किंवा रक्त फार गेलं, तर लाजत बसू नका बाई, लगेच या.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि मुलीला कडेवर घेऊन माझ्या नावाने ओरडल्या, कारण टॉवेल गादीवर होता. दवाखान्याचा शब्द नाही. मी आडवी पडून वाट बघत राहिले. रात्रीपर्यंत त्या काही विचारणार नाहीत, उद्याही नाहीत आणि मरेपर्यंत नाहीत, हे मला कळून चुकलं. बोलायचं तर मलाच बोलावं लागणार होतं.

"आई," मी म्हटलं, "आज मला तिथे फार भीती वाटली."

त्यांनी मुलीला खाली ठेवलं आणि माझ्या उशाशी बसल्या.

"मलाही," त्या म्हणाल्या. "बाकीच्या परक्या असतात गं."